सोबत राहणाऱ्या व्यक्तीचे नाव

इंदूर, सोमवार, ३ मार्च २०२५

डॉ. वसुंधरा हिस,

सहा वर्षांनंतर लिहिताना प्रकृतीची चौकशी करण्याचा देखावा मी करणार नाही. तू डॉक्टर आहेस. तुमच्या व्यवसायाची कार्यपद्धती इंदुरात कोणत्या थराला गेली आहे हे त्या व्यवसायातील निदान एका व्यक्तीच्या कानावर जावे, एवढाच या पत्राचा हेतू. थोरली बहीण म्हणून मी लिहीत नाही आणि उत्तराची अपेक्षाही नाही. पोचपावतीचे कार्ड जोडले आहे. त्यावर सही केलीस की नागपूरच्या बाजूचे काम संपले.

डॉ. गजानन तुला आठवत असतील. पलासियाच्या त्यांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षे गेले. दर सहा महिन्यांनी ते दोन प्रश्न विचारीत, मी दोन उत्तरे देई, आणि ते फिटच्या गोळीची चिठ्ठी लिहून देत. अक्षर वाचता येई, तारीख असे, खाली नोंदणी क्रमांक असे. सतराव्या वर्षापासून मला फिट येतात हे आई-बाबांच्या पश्चात फक्त तुला आणि त्यांना ठाऊक होते. चौतीस वर्षे मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवले. स्टाफरूममध्ये कोणाला शंकाही आली नाही.

डिसेंबरात डॉ. गजानन दवाखाना बंद करून मुलीकडे कॅनडाला गेले आणि आपले रुग्ण, फायलींच्या कपाटासह, विजय नगरमधील एका नव्या न्यूरो सेंटरकडे सोपवून गेले. कपाटाला विचारत नाहीत, तसे आम्हालाही विचारले नाही.

नव्या ठिकाणी चिठ्ठी मिळत नाही. 'रिफिल रिक्वेस्ट' करावी लागते. मोबाइलवर अर्ज भरायचा, बहात्तर तासांत डॉक्टर तो मंजूर करतात, आणि मग चिठ्ठी मोबाइलवर येते. मी पहिला अर्ज बारा फेब्रुवारीला केला. पंधरा तारखेला तो 'अपूर्ण' अशा शेऱ्यासह परत आला. काय अपूर्ण, हे लिहिलेले नव्हते. विद्यापीठाची परीक्षक म्हणून मी हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. कारण न लिहिता कोणाचाही गुण कापला नाही. दुसरा अर्ज केला, तो परत आला. तिसरा केला, तोही आला. मग फोन केला. एकोणीस मिनिटे बासरी ऐकवल्यावर शिखा नावाची बाई बोलली. ती मराठी आहे, म्हणजे तिच्या वाक्याच्या शेवटचे क्रियापद मराठी असते.

"मॅडमजी, तुमची रिक्वेस्ट तो सिस्टिममध्ये दिसून राहिली आहे. पण अप्रूव्ह नाही झालेली."

"का झाली नाही?"

"ते तो सर बघतील ना."

"सर केव्हा बघतील?"

"जब फॉर्म कम्प्लीट होईल, तब."

"फॉर्ममध्ये काय राहिले आहे?"

"ते तो फॉर्म खोलूनच समजेल मॅडमजी. आत्ता सर्व्हर बैठून गेला आहे."

एक रकाना मी रिकामा ठेवला होता हे खरे. तो मला लागू नव्हता. लागू नसलेला प्रश्न सोडणे याला जगातल्या कोणत्याही परीक्षेत अपूर्ण म्हणत नाहीत.

चिंतेचे कारण नाही. अकरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक आहेत, आणि गेल्या कित्येक वर्षांत मला एकही फिट आलेली नाही. तसे मी तिन्ही अर्जांत लिहिले आहे.

घरी सर्व ठीक. शुक्रवारी सकाळी आईच्या सहा कपांपैकी आणखी एक फुटला. हातातून कसा सुटला हे कळले नाही. पाहिले तो तुकडे पडलेले आणि चहा वाळलेला. त्याच दिवशी जेवताना केव्हातरी जीभ चावली गेली असावी, म्हणून तिखट बंद आहे. अडुसष्टाव्या वर्षी माणूस असा बेशिस्त होत जातो.

अरुंधती


इंदूर, शनिवार, ८ मार्च २०२५

वसुंधरा,

आज मी त्या सेंटरला प्रत्यक्ष जाऊन आले. फोनवर ज्याचे उत्तर मिळत नाही ते समोर उभे राहिल्यावर मिळते, असा माझा अनुभव होता. तो जुना झाला.

प्रतीक्षागृह काचेचे आहे आणि थंडगार. प्रत्येक रुग्णाबरोबर कोणीतरी होते. कोणी पिशवी धरलेले, कोणी बाटली, कोणी नुसतेच कंटाळलेले. शिखा चाळिशीची, चष्म्याला साखळी लावणारी बाई निघाली. तिने मला नखशिखांत पाहिले आणि माझ्या मागे पाहिले.

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"खाली गाडीत आहेत काय? बोलवून घ्या ना."

"मी बसने आले."

"अरे राम! अकेल्या? फिटचे पेशंट अकेले अलाउड नाहीत मॅडमजी. व्हिजिटमध्ये पण नाही, रिफिलमध्ये पण नाही. यशवर्धन सरांचा रूल आहे." तिने संगणक माझ्याकडे वळवला आणि तो रकाना बोटाने दाखवला: सोबत राहणाऱ्या व्यक्तीचे नाव व मोबाइल. "इथे नंबर टाकून द्या. आम्ही त्यांना एक फोन लावू, सर दोन सवाल विचारतील, आणि हाथोंहाथ अप्रूव्ह."

"माझ्यासोबत कोणी राहत नाही."

"तर मग जवळचे कोणी. भाऊ, बहीण, बच्चे. पडोसी पण चालतील, ज्यांना तुमची बीमारी माहीत आहे असे."

"कोणालाही माहीत नाही."

"कोणालाच नाही?"

हे तिने हळू आवाजात विचारले. उद्धटपणाला मला उत्तर देता येते. मी कागद उचलले आणि निघाले.

उर्मट नियम आहे. मी पीएच.डी. आहे, मला माझी प्रकृती कळते, आणि माझ्या विधानाला कोण्या शेजारणीचा दुजोरा हवा, हा माझ्या बुद्धीचा अपमान आहे. दुसरे न्यूरॉलॉजिस्ट मी शोधले नाहीत असे समजू नकोस. पहिल्या भेटीसाठी अकरा एप्रिलच्या आधीची तारीख कोणी देत नाही.

परतताना बसमध्ये डोळा लागला असावा, कारण मधले तीन थांबे मला आठवत नाहीत. पर्स खाली पडली होती आणि शेजारची बाई पाण्याची बाटली पुढे करून "अब ठीक हो, माँजी?" असे विचारीत होती. अनोळखी माणसाला माँजी करून टाकण्याची इथल्या लोकांची सवय मला कधीच आवडलेली नाही.

आपल्या कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान आता गोपीनाथ चालवतो. तुला तो हाफपँटमध्ये आठवत असेल; आता त्याचे केस पांढरे झाले आहेत. त्याच्याकडे मी चिठ्ठी उशिरा येत असल्याचे सहज बोलले, तर तो लगेच कपाटाकडे वळला. "अरे प्रोफेसर ताई, तुम्ही तो घरच्या. पर्चा काय भागून जातोय? ही एक पट्टी घेऊन जा, बाद में दाखवा."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती. मी त्याला सांगितले की ही गोळी चिठ्ठीशिवाय देणे हा गुन्हा आहे, ओळखीवर औषध विकणे म्हणजे ओळखीवर पदवी देण्यासारखे आहे, आणि ज्या दुकानात मला असे औषध देऊ करतात तिथे इतरांना काय काय मिळत असेल, याचा विचार मला करावा लागेल. तो लाल झाला. गिऱ्हाइकांपैकी एकजण म्हणाला, "भिया, आजपासून सर्दीच्या गोळीला पण पर्चा लागणार काय?" आणि दुसरा हसला. गोपीनाथने पट्टी परत ठेवली. "बरोबर आहे ताई तुमचं," एवढेच तो म्हणाला. मी बरोबर होते.

गोळ्यांची मी माझ्यापुरती व्यवस्था केली आहे. हिशेब सोपा आहे.

अरुंधती


इंदूर, गुरुवार, १३ मार्च २०२५

वसुंधरा,

पहिल्या पत्राची पोचपावती आज परत आली. सही तुझीच आहे; 'व'चा वेढा तू अजून तसाच काढतेस. तारीख मात्र घातलेली नाहीस.

पाचवा अर्जही परत आला. त्या रकान्यात मी या वेळी 'लागू नाही' असे लिहिले होते. तासाभरात फोन वाजला, आणि स्वतः डॉ. यशवर्धन बोलले. वय पस्तिसाच्या आसपास असावे. त्यांनी मला आंटी म्हटले.

"आंटी, तुम्ही लिहिलंय की कित्येक वर्षांत एकही फिट नाही. हे कोणी पाहिलं?"

"मी."

"सॉरी आंटी, पण ज्याला फिट येते त्यालाच ती सगळ्यात शेवटी कळते. कधी कळतच नाही. मला बघणारा कोणीतरी पाहिजे."

मी त्यांना सांगितले की निरीक्षण म्हणजे काय हे मी त्यांच्या जन्माआधीपासून शिकवीत आले आहे.

"ते मान्य आहे. पण त्या वेळेला तुम्ही तिथे नसता ना, आंटी."

मी फोन ठेवला. त्यांच्या विधानात तर्कदोष नाही, आणि हेच मला असह्य झाले.

उद्या धुळवड. सेंटर रविवारपर्यंत बंद, सोमवारी-मंगळवारी अर्धेच लोक येणार, बुधवारी रंगपंचमीची पुन्हा सुटी. तू इंदूर सोडून पुष्कळ वर्षे झाली, पण रंगपंचमीला इथे दवाखान्याचे काय, कशाचेच दार उघडत नाही हे विसरली नसशील.

म्हणून काल संध्याकाळी मी गोपीनाथच्या दुकानापर्यंत गेले. का गेले, ते लिहिण्याची गरज नाही. दारावर नवी पाटी होती: 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही. कृपया आग्रह करू नये.' मराठीत आणि हिंदीत, सुवाच्य अक्षरांत. मला पाहताच तो उठून उभा राहिला.

"बघा ताई, तुम्ही बोलल्या आणि दुसऱ्याच दिवशी लावून दिली. कसं आहे अक्षर?"

"चांगले आहे."

"काय देऊ?"

"कापूस," मी म्हणाले. "एक गुंडाळी."

त्याने कापूस दिला. माझ्याकडे आता बराच कापूस आहे.

या आठवड्यात मी ज्यांच्याशी बोलले ती माणसे म्हणजे शिखा, डॉ. यशवर्धन आणि गोपीनाथ. यात तुला धरता येईल का, हे मी ठरवू शकलेले नाही. तू ऐकतेस की नाही हे मला ठाऊक नाही. तू सही करतेस एवढे ठाऊक आहे.

बाबांच्या वेळी मी कागदाचा आग्रह धरला, तो याच कारणासाठी, की माणसांचे बोलणे बदलते आणि कागद बदलत नाही. तू फोनवरून औषध सांगितलेस. फोनवरच्या औषधाची जबाबदारी कोणाची? मी तेराव्याच्या दिवशी सर्वांसमोर जे म्हणाले ते त्या संदर्भात होते. हा विषय मी पुन्हा काढणार नव्हते.

उजवा खांदा आज उठल्यापासून दुखतो आहे. अंथरूण सगळे जमिनीवर होते. उशी बदलली पाहिजे.

अरुंधती


इंदूर, सोमवार, १७ मार्च २०२५

वसुंधरा,

अक्षराबद्दल क्षमस्व. सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला अडखळून पडले. कपाळाला थोडे लागले आहे. कापूस उपयोगी आला.

बाकी ठीक.

अरुंधती


इंदूर, मंगळवार, १८ मार्च २०२५

वसू,

कालच्या पत्रात मी खोटे लिहिले. आपल्या स्वयंपाकघराला उंबरा नाही.

काल साडेदहाला मी दूध तापवायला ठेवले. त्यानंतरची पहिली आठवण म्हणजे फरशी गालाला गार लागत होती आणि घड्याळात अकरा वीस झाले होते. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅसचे बटण चालू होते. खिडकी उघडी होती, ती मी मुद्दाम उघडली नव्हती. सकाळपासून बंद करायची राहून गेली होती. माझ्या हातून काही राहून जाते याचा मला आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

मी उठले नाही. उठता येत होते, तरी उठले नाही. पन्नास मिनिटे मी इथे पडून होते आणि हे कोणालाही माहीत नाही, हा विचार करीत तिथेच पडून राहिले. मी खिडकी बंद केली असती तर हे कोणाला केव्हा कळले असते, हेही मी मनात मांडून पाहिले. दूधवाला महिन्याने बिल मागायला येतो. बाई मी डिसेंबरातच काढून टाकली, कारण ती भांडी नीट विसळत नव्हती. तू पुढच्या पत्राची वाट पाहिली असतीस का, आणि किती दिवस, हे मला सांगता येईना.

आठ तारखेपासून मी गोळी अर्धी करून घेत आहे. हीच ती व्यवस्था. गोळ्या दुप्पट दिवस पुराव्यात म्हणून केली. असे कोणी करू नये हे मला ठाऊक आहे. मी केले.

आता दुसरी गोष्ट. एकदा खरे लिहायला बसले आहे तर तीही लिहिते.

बाबांच्या त्या रात्री तू फोनवर औषध सांगितलेस, आणि मी म्हणाले, लिहून पाठव. तू लिहून पाठवलेस. दहा मिनिटांत तुझ्या लेटरहेडचा फोटो माझ्या मोबाइलवर आला. तेराव्याला मी सर्वांसमोर म्हणाले, 'डॉक्टर मुलीचे औषध वेळेवर आले नाही.' ते वेळेवर आले होते. त्यावर तारीख नव्हती, म्हणून मी ते परत पाठवले आणि 'तारीख घालून नीट पाठव' असे लिहिले. तू रेल्वेत होतीस, इकडेच निघाली होतीस, तुला रेंज नव्हती. तारीख घातलेली चिठ्ठी सकाळी सहाला आली. बाबा चारला गेले होते.

त्या औषधाने फरक पडला असता की नाही हे कोणालाही सांगता येणार नाही, असे मी सहा वर्षे स्वतःला सांगत आले. ते खरेही असेल. पण तू घरात आलीस, चप्पलही काढली नव्हतीस, तेव्हा मी तुला पहिले वाक्य हे म्हणाले की उशीर झाला. आणि तू तेराव्याच्या पानावरून उठून गेलीस. तो फोटो तू कोणालाही दाखवू शकली असतीस. तुझ्या मोबाइलमध्ये तो होता. तू दाखवला नाहीस.

आज सकाळी मी सहावा अर्ज भरला. त्या रकान्यात तुझे नाव आणि नंबर लिहिला आहे. तुला न विचारता. हे पत्र तुझ्या हाती पडण्याआधीच त्यांचा फोन तुला येईल. 'मी या बाईला ओळखत नाही' असे तू म्हणालीस तरी ते चूक ठरणार नाही. सहा वर्षांत मी काय खाते, केव्हा झोपते, कितीदा पडते हे तुला कसे ठाऊक असणार? ज्या साक्षीदाराने काही पाहिलेलेच नाही त्याचे नाव मी दिले आहे. माझ्याजवळ दुसरे नाव नव्हते.

ताई


इंदूर, शनिवार, २२ मार्च २०२५

वसू,

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी अर्ज मंजूर झाला. त्या सेंटरचा संदेश इतका लहान असतो हे मला माहीत नव्हते. इतके दिवस 'अपूर्ण'च पाहत आले होते.

पाठोपाठ शिखाचा फोन आला. तिने आपणहून केला. बासरी नव्हती.

"मॅडमजी, बधाई हो. दहा दिवसांची दवाई सरांनी लिहून दिली आहे. डोस थोडा बढवला आहे, नीट बघून घ्या. आणि अर्ध्या तोडून घ्यायच्या नाहीत हं, पूर्ण गोळी घ्यायची."

"मी अर्धी घेते हे त्यांना कोणी सांगितले?"

"तुमच्या बहिणीनी ना! तुम्ही आधी का नाही त्यांचा नंबर दिला? किती साफ बोलतात त्या. सरांनी विचारलं, पेशंटसोबत राहता काय. तर बोलल्या, नाही, नागपूरला असते, पण तिची पत्रं येतात. सर बोलले, पत्रांवरून काय समजणार? तर त्या बोलल्या, लिहून घ्या."

आणि शिखाने मला माझ्याच फाइलमधून वाचून दाखवले. तिला ते वाचून दाखवण्याचा अधिकार होता की नाही हा प्रश्न मला एरवी पडला असता. 'अठ्ठावीस फेब्रुवारी, सकाळी, कप हातात असताना, जीभ चावली गेलेली. आठ मार्च, परतताना, बसमध्ये, काही मिनिटे. बारा-तेरा मार्चच्या रात्री, झोपेत, उजवा खांदा. सतरा मार्च, पडून कपाळाला जखम. पत्र आज पोहोचले, अक्षर हललेले आहे. आठ मार्चपासून रुग्ण डोस कमी करून घेत असावी.' एकूण चार. मी अर्जात शून्य लिहिले होते.

माझे मंगळवारचे कबुलीपत्र तुला तोपर्यंत मिळालेले नव्हते. म्हणजे जे मी लिहिले नाही ते तू वाचलेस. कपाबद्दल लिहिताना मी केवळ पत्र कोरडे वाटू नये म्हणून दोन घरगुती ओळी घातल्या आहेत असे समजत होते. खांद्याचे तर मी लिहून विसरूनही गेले होते. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे लेखन तपासले, वसू. माझे कोणी इतक्या बारकाईने कधी वाचलेले नाही.

तुझा फोन त्याच दिवशी सव्वासहाला आला. मी खोलीतच होते. तो वाजत असताना त्याच्याकडे पाहत बसले. माझा आवाज नीट राहील अशी खात्री नव्हती, आणि तो नीट राहिला नाही तर पुढे काय करतात हे मला माहीत नाही. तू पुन्हा केला नाहीस. मीही केला नाही. म्हणून हे पत्र, आणि या वेळी स्पीड पोस्टाने, म्हणजे सोमवारी मिळेल.

औषध मी गोपीनाथकडूनच आणले. मोबाइल पुढे केला तेव्हा त्याने चष्मा वर करून चिठ्ठी सबंध वाचली, तारीखसुद्धा, आणि मग कपाटाकडे वळला. कपाळाच्या पट्टीकडे पाहून म्हणाला, "ताई, हे काय झालं?" मी म्हणाले, "मला फिट येते." एवढ्या मोठ्याने हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच उच्चारले. तो म्हणाला, "हां, तर मग सांगून ठेवायचं ना ताई, मी काय दूर आहे?" आणि सुटे परत देऊ लागला. एवढेच झाले.

आता पुढचे. दहा दिवसांनंतरची गोळी भेटीशिवाय मिळणार नाही. भेट गुरुवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी साडेअकराला ठरली आहे, आणि सोबत व्यक्ती हवी. त्या व्यक्तीने डॉक्टरांसमोर बसून सांगायचे असते की फिट आली की नेमके काय होते. डोळे कोणीकडे वळतात, आधी कोणता हात, किती वेळ. शिखाने यादी पाठवली आहे, अकरा प्रश्नांची. मी ती काल रात्री घेऊन बसले. एकाचेही उत्तर मला देता आले नाही. एक्कावन्न वर्षे हे माझ्या शरीरात घडते आहे आणि मी ते एकदाही पाहिलेले नाही.

तू पाहिले आहेस. अकरा वर्षांची होतीस, माझ्या खाटेशेजारी अंथरूण घालून झोपायचीस, आणि सकाळी मी शुद्धीवर यायचे तेव्हा तू माझे डोके मांडीवर घेऊन बसलेली असायचीस. मी कधी काही विचारले नाही. तू काही सांगितले नाहीस. आईने सांगितले होते की विषय काढायचा नाही, आणि आपण दोघींनी तिचे इतके ऐकले की ती गेल्यावरही ऐकत राहिलो.

औषध तू लिहून द्यावेस म्हणून मी बोलावत नाही. यशवर्धन बरे डॉक्टर आहेत. आंटी म्हणतात, पण बरे आहेत. माफीबद्दलही मी इथे काही लिहीत नाही. ती पत्रातून मागण्यासारखी नाही, आणि मागितल्यावर तू ती द्यावीस असे माझे काही म्हणणे नाही.

फक्त गुरुवारी ये. जमल्यास बुधवारीच ये, म्हणजे डॉक्टरांच्या आधी मला सांगता येईल. अकरा प्रश्नांत नसलेला एक प्रश्न मला तुला विचारायचा आहे. त्या वेळात मी काही बोलते का? कोणाला हाक मारते का? इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलेले नाही, आणि तुझ्याशिवाय सांगणारे आता कोणी नाही.

ताई